मठाधिपतींना नोटीस

तो नियम मी टाइप केला होता. माझ्याच हातांनी, माझ्याच लॅपटॉपवर, चहाचा कप बाजूला सारून. हे आधीच कबूल करते, कारण पुढे जे रामायण घडलं त्यात सगळ्यांनी सगळ्यांवर खापर फोडलं आणि मला मात्र कुणी एका शब्दाने बोललं नाही. तेच मला जास्त लागलं.

गोष्ट २०१६च्या उन्हाळ्यातली. आयर्लंडमधला उन्हाळा म्हणजे पाऊस जरा कोमट होतो, एवढंच. आम्ही पोर्टलीशपासून गाडीने वीस मिनिटांवरच्या एका खेड्यात राहत होतो. बाकीची मराठी मंडळी शहाण्यासारखी डब्लिनजवळ ल्यूकनला घरं घेऊन राहिली. त्यांना दर शनिवारी एकमेकांकडे जेवायला जाता येई, भांडता येई, गणपतीत ढोल बडवता येई. माझ्या नवऱ्याला मात्र मोकळी हवा पाहिजे होती. ती सगळी माझ्या वाट्याला आली, कारण हा सकाळी जो डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या ऑफिसला निघे तो संध्याकाळी दमल्या तोंडाने उगवे. लेक शाळेत. उरलो मी, गाई आणि पाऊस.

जीव रमावा म्हणून मी गावच्या इतिहास समितीत गेले. तिथे चहाबरोबर घरचे स्कोन, म्हणजे लोणी-जॅम लावून खायचे छोटे गोडसर पाव, मिळतात असं कळलं होतं, हेही कारण होतं. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला सेक्रेटरी केलं. का, तर मी भारतीय, म्हणजे मला कॉम्प्युटर येणार. मी बी.एस्सी. बॉटनी आहे. कॉम्प्युटरशी माझा संबंध इतकाच, की माझं लग्न एका कॉम्प्युटरवाल्याशी झालंय. पण सांगणार कुणाला! ‘यू आर ग्रँड,’ म्हणाले, आणि विषय संपला. तिथे ग्रँड म्हणजे ‘ठीक आहे’, आणि ते म्हटलं की विषय संपतोच.

समितीचं काम होतं पॅरिशचा मध्ययुगीन इतिहास लिहायचं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख, चार-दोन वाड्या. या मुलखाची मध्ययुगातली चारशे वर्षं होती, आणि त्या चारशे वर्षांतून शिल्लक काय, तर एक पांढरा दगड, एक पडकी गिरणी, ओढ्याकाठच्या कुरणात चर्चच्या साडेतीन भिंती, एका सरदाराने हा मुलूख मठातल्या साधूंना दान दिल्याचं लॅटिन दानपत्र, आणि कुण्या बिशपची एक तक्रार, की इथला पाद्री चर्चमध्ये वासरं बांधतो. बास. त्या वासरांवर आम्ही तीन महिने चर्चा केली. ती वासरं पाद्र्याची स्वतःची की गावकऱ्यांनी दिलेली, यावरून दोन सभासदांनी एकमेकांशी बोलणं सोडलं.

अध्यक्ष होत्या एक निवृत्त मास्तरीणबाई. उभा जन्म त्यांनी पोर्टलीशच्या पोरींना लॅटिन शिकवण्यात घालवला होता, आणि लॅटिन नको असलेल्या पोरींना शिकवून माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा झाला होता. वाईट नव्हत्या हं. फक्त नियम म्हटला की नियम. त्यांच्यापुढे मी स्कोनसुद्धा विचारून उचलत असे.

तर नियम. त्या साडेतीन भिंतींभोवती जुनी दफनभूमी होती, आणि तिच्यात मोजून थोड्याच जागा उरल्या होत्या. आजूबाजूच्या तीन पॅरिश आता एकत्र झाल्या होत्या, त्यामुळे कुणीही उठून म्हणे, मलाही तिथेच पुरा, तिथला देखावा छान आहे. मास्तरीणबाईंनी ठराव मांडला: ज्याचं राहतं घर मध्ययुगीन पॅरिशच्या हद्दीत आहे, त्यालाच जागा. मध्ययुगीन हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. मी टाइप केला. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. मला काय, मला कुठे तिथे पुरून घ्यायचं होतं?

पुढच्या बैठकीला आमच्या शेजारचे आजोबा आले. आमच्या घराला लागून त्यांचं कौलारू घर, आठ गाई, एक आंधळी कुत्री. ऐंशीच्या पुढचे, कमी बोलणारे. आमचं सामान उतरवायला न बोलावता आले होते, आणि मी एकदा त्यांना पुरणपोळी दिली तर तिच्यावर लोणी-जॅम लावून खाल्ली होती. ते टोपी हातात धरून दाराशीच उभे राहिले. त्यांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती. ती ओढ्याच्या अलीकडची, चर्चच्या बाजूची मुलगी. म्हणून तिला तिच्या माहेरच्यांच्या कबरींच्या रांगेत पुरलं होतं. तिच्या शेजारी एक जागा मोकळी होती. आजोबांचं म्हणणं इतकंच, की ती माझ्यासाठी ठेवा.

मास्तरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “तुझं घर ओढ्यापलीकडे आहे.”

“हो,” आजोबा म्हणाले.

“आणि दानपत्रात मध्ययुगीन पॅरिशची हद्द ओढा आहे.”

“असेल.”

“मग नियमात बसत नाही. मला वाईट वाटतं.” आणि वाटत होतंही त्यांना. पण नियम आज एकाला मोडला की उद्या सगळेच रांग लावतील, असं त्यांनी सुनावलं. आजोबा ‘ग्रँड’ म्हणाले, टोपी घातली आणि निघून गेले. त्या माणसाला बायकोशेजारची जागा नाकारली आणि तो म्हणतो ग्रँड! मी अर्धा स्कोन तसाच बशीत ठेवून उठले. घरी येऊन मी नवऱ्यावर उगाचच डाफरले.

याच सुमारास अण्णा आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. आई भावाच्या मुलाच्या बारावीसाठी मागे राहिली आणि यांना एकट्यालाच तीन महिन्यांसाठी माझ्याकडे पाठवलं. त्यांनी पस्तीस वर्षं सातारा जिल्ह्यात भूमापन खात्यात मोजणीचं काम केलं. भावाभावांत बांधावरून डोकी फुटली की यांना बोलावणं. साखळी घेऊन रानोमाळ हिंडायचं, हद्दीचा दगड कुणी रातोरात सरकवलाय ते हुडकून काढायचं, आणि दोन्ही भावांच्या शिव्या खायच्या. रिटायर झाल्यापासून त्यांना शिव्या द्यायलाही कुणी येईना. माझ्याकडे आल्यावर पहिले चार दिवस ते खिडकीत बसून कुंपणं बघत होते आणि मधूनच “वाकडं हाय ते,” म्हणत होते.

आजोबांशी मात्र त्यांची गट्टी जमली. ह्यांना इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी. दोघं गाईच्या पाठीवर एकेक हात ठेवून तास तास उभे. नातीला दुभाषी म्हणून पाठवावं तर ती अण्णांचं सगळं ऐकून घेई आणि त्यांनाच आयरिश इंग्रजीत उत्तर देऊन पळून जाई. शेवटी मीच अण्णांना जागेची हकीकत सांगितली. अण्णांनी आधी काय विचारावं?

“म्हंजे ह्यो बाबा मेल्यावर घरजावई व्हनार?”

“अण्णा!”

“आगं तसं न्हवं. बायकूच्या माहेरात जागा मागतोय, आन् ती देत न्हाईत, आसंच ना? मग दावा हद्दीचा हाय. कागद कुठाय?”

मी दानपत्राचं इंग्रजी भाषांतर लॅपटॉपवर उघडलं आणि वाचून दाखवलं. पांढऱ्या दगडापासून ओढ्यापर्यंत, ओढ्याच्या प्रवाहाने पाण्याच्या गिरणीपर्यंत, गिरणीपासून मोठ्या रस्त्याने परत पांढऱ्या दगडापर्यंत; पलीकडे मठाची आधीचीच जमीन. अण्णा ताडकन उठले. सासरच्या गावात अचानक माहेरचा माणूस भेटावा तसा चेहरा झाला त्यांचा.

“चतुःसीमा! आगं ही तर सरळ सरळ चतुःसीमा हाय! मला वाटलं हितं काय इतिहास-बितिहास आसंल.”

दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याचे गमबूट घालून ते ओढ्यावर गेले. मागे मी, छत्री धरून. ओढा बघितला आणि त्यांनी मान हलवली.

“ह्यो ओढा न्हाय.”

“अहो, पाणी वाहतंय की समोर!”

“ह्यो कालवा हाय. ओढा कदी फूटपट्टीनं आखल्यावानी जातो का? कुनीतरी वळिवलाय. गिरणी कुठाय?”

गिरणी आजोबांच्या घराच्याही पलीकडे होती, ओढ्यापासून दोन शेतं लांब, कोरड्या ठणठणीत जागी. दगडी भिंती आणि जात्याची एक फुटकी तळी. समितीने या कोरड्या पाणचक्कीवर एक अख्खी बैठक घालवली होती. एकाचं मत, जुने लोक मूर्ख होते. दुसऱ्याचं मत, ही गिरणी नाहीच, तुरुंग आहे, त्याच्या आजीने सांगितलंय. पाण्याची गिरणी पाण्यापासून इतक्या लांब कोण शहाणा बांधेल, हा साधा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. माझ्याही नाही, आणि मी बी.एस्सी.

“पानी हितनं जात हुतं,” अण्णा म्हणाले. त्यांनी हाताने हवेत एक नागमोडी रेघ काढली. त्या रेघेवर खरोखरच गवत वेगळं होतं, पाणथळीत वाढतं ते. बॉटनीवालीने शरमेने मान खाली घातली. रेघ पांढऱ्या दगडाजवळून निघून आजोबांच्या घराकडे जात होती आणि घरामागून गिरणीकडे.

मी धावतच मास्तरीणबाईंकडे गेले. त्या खवळतील असं वाटलं होतं. पण त्यांनी नकाशा पुढे ओढला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, “तुझ्या वडिलांना सांग, पुरावा आणा. मी मानीन.” कायदा दोन्ही बाजूंनी लागू, अशी ती बाई.

आता खरी गंमत सुरू झाली. मला वाटलं अण्णा उद्या दोरी घेऊन जातील, मोजतील, संपलं. छे! अण्णा म्हणाले, “नोटीस काढली का?”

“कसली नोटीस?”

“लगतदारास्नी. बिगरनोटिशीची मोजणी बाद व्हती. आमच्या एका सायबाची आख्खी नोकरी गेली आसती त्याच्यापायी. पंधरा दिस आदी नोटीस पायजे. पलीकडं कुनाची जमीन लिवलीया?”

“मठाची.”

“मग मठाच्या मालकाला काढ.”

“अण्णा, मठ पाचशे वर्षांपूर्वी बंद झाला! मठाधिपती मेला!”

“वारस?”

“ते साधू होते हो! लग्न कुठे करत होते!”

अण्णांनी दोन मिनिटं विचार केला. मग खात्याच्या शुद्ध मराठीत बोलले. ती भाषा ते फक्त कामाच्या वेळी वापरत. “सदर इसम मिळून न आल्यास नोटीस त्याच्या राहत्या घराच्या दर्शनी भागावर दोन साक्षीदारांसमक्ष डकवावी.”

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, हे आता मास्तरीणबाईंना कुठल्या तोंडाने सांगू? सांगितलं. त्या बाईच्या चेहऱ्यावर मी तोवर हसू बघितलं नव्हतं. त्या हसल्या नाहीतच, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “बरोबर आहे,” म्हणाल्या. “बाजू ऐकून न घेता निकाल द्यायचा नसतो. पण नोटीस इंग्रजीत कशी चालेल? मठाधिपतींना इंग्रजी येत असेल कशावरून?”

आणि मग, देवाशपथ सांगते, त्या दोघांनी आमच्या डायनिंग टेबलवर बसून मध्ययुगात मेलेल्या माणसाला नोटीस लिहिली. अण्णा मराठीत सांगत, मी इंग्रजीत सांगे, मास्तरीणबाई लॅटिनमध्ये लिहीत. ‘आपण अगर आपला मुखत्यार समक्ष हजर न राहिल्यास आपली काही एक हरकत नाही असे समजून मोजणीचे काम पुढे चालविण्यात येईल.’ हे वाक्य लॅटिनमध्ये फार देखणं झालं, असं बाई म्हणाल्या. अण्णांनी विचारलं, सुटीचा दिवस तर नाही ना? दोघांनी मिळून कुठल्या तरी संताचा सण टाळला. नवरा ऑफिसातून आला, टेबलाकडे बघितलं, आणि न जेवता वर निघून गेला.

मठाचे अवशेष सहा किलोमीटरवर. कमान तेवढी उभी. आम्ही नोटीस प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली, आजोबांनी शिडी धरली, पोस्टमन आणि पबवाला साक्षीदार. पबवाल्याने विचारलं, “युअर मॅन उत्तर देईल का?” तिथे कुणाही परक्या माणसाला युअर मॅन म्हणतात, मग तो मठाधिपती का असेना. आजोबा म्हणाले, “दिलं तर मी गाव सोडतो.”

दहाव्या दिवशी आम्ही नोटीस जागेवर आहे का बघायला गेलो, तर तिच्याखाली निळ्या शाईत, सुरेख अक्षरात दोन लॅटिन शब्द. मास्तरीणबाईंनी वाचलं: ‘मिळाली. वाचली.’ कुणी लिहिलं ते आजतागायत कळलेलं नाही. बाईंनी आपल्या चाळीस वर्षांतल्या विद्यार्थिनींची मनातल्या मनात हजेरी घेतली आणि एकीलाही इतकं शुद्ध लॅटिन येत नसल्याचं जाहीर केलं. माझ्या अंगावर काटा आला. अण्णांना मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. “पोच मिळाली, झ्याक झालं,” म्हणाले.

मोजणीच्या दिवशी अख्खा गाव लोटला. शेजारच्या पॅरिशचेही आले, कारण त्यांच्या मते हा त्यांची जमीन बळकवायचा डाव होता. कुणी सँडविचेस आणले, कुणी फोल्डिंगच्या खुर्च्या. पाऊस होताच. साखळी नव्हती म्हणून अण्णांनी कपडे वाळत घालायच्या दोरीला तेहतीस फुटांवर गाठी मारल्या होत्या. खुणेच्या काठ्या म्हणून लेकीच्या शाळेतून कॅमोगीच्या, म्हणजे तिथल्या मुलींच्या हॉकीसारख्या खेळाच्या, काठ्या आणल्या. डोक्याला माकडटोपी, वर माझा गुलाबी रेनकोट. अण्णा पांढऱ्या दगडावर चढले आणि साताऱ्याच्या रानात द्यावी तशी आरोळी ठोकली, “कुनाची हरकत आसंल तर आत्ता सांगा! मागनं ऐकून घ्येनार न्हाय!”

मी भाषांतर केलं. आजीच्या तुरुंगवाल्याने हरकत घेतली. अण्णांनी ती लिहून घ्यायला लावली आणि फेटाळली. मठाधिपतींचं नाव तीनदा पुकारलं. कुणी हसलं नाही. मला वाटतं दुसऱ्या पुकाऱ्याला दोघा-तिघांनी वळून मागे पाहिलं.

मग दोरी निघाली. एका वळूच्या वावरातून गेली. वळूला नोटीस नव्हती, त्याने ती हरकत जोरात नोंदवली आणि पोस्टमनला कुंपणावर चढावं लागलं. गवताची रेघ धरून, पाणथळीच्या मधोमध, अण्णा गाठीमागून गाठ टाकत चालले. दोरी आजोबांच्या अंगणात आली. अण्णा थांबले नाहीत. दोरी पुढच्या दारातून आत गेली, घराच्या मधल्या बोळातून मागच्या दाराने बाहेर पडली, आणि नाकासमोर गिरणी.

“बोळातली फरशी कायम ओली असते,” आजोबा म्हणाले. “माझ्या बापाच्या वेळेपासून.”

“आसनारच,” मी ते सांगताच अण्णा म्हणाले. “तू ओढ्यात राहतोयस.”

हद्द ओढ्याच्या मधून धरायची, हे दोन्ही देशांत सारखंच निघालं. म्हणजे बोळाच्या डाव्या हाताचं स्वयंपाकघर मध्ययुगीन पॅरिशच्या आत, आणि उजव्या हाताची झोपायची खोली बाहेर. लोक टाळ्या वाजवायला गेले आणि हात तसेच राहिले. अर्धं घर आत म्हणजे माणूस आत की बाहेर? घर राहतं कुठल्या अर्ध्यात असतं?

अण्णांनी निकालच देऊन टाकला. “चूल कुठाय? आत. संपलं. आमच्याकडं रेशनकार्डाला कुटुंब म्हंजे येक चूल. चूल येगळी तर कुटुंब येगळं. झोपायचं काय, मानूस उन्हाळ्यात अंगनात झोपतो, म्हनून काय त्यो अंगनाचा व्हतो?”

मी पोटतिडकीने भाषांतर केलं. पण मास्तरीणबाई चिखलात ठाम उभ्या. “इथे कायद्यात माणूस जिथे झोपतो ते त्याचं राहतं ठिकाण. त्याची खोली बाहेर आहे. मला खोटं लिहिता येणार नाही.” त्यांना हो म्हणायचं होतं, मला दिसत होतं. म्हणता येत नव्हतं.

पंचनामा मी वहीत मराठीत लिहीत होते, कारण अण्णांना दुसऱ्या भाषेतला चालणार नव्हता. ‘आम्ही खालील सह्या करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की...’ पाच पंच पाहिजेत. पोस्टमन, पबवाला, खाटीक आणि शेजारच्या पॅरिशचा एकजण, चौघांच्या सह्या झाल्या होत्या. पाचव्या मास्तरीणबाई. त्यांच्या सहीशिवाय समिती ते मानणार नव्हती. आणि त्या हात मागे बांधून उभ्या.

तेव्हा पबवाल्याला सुचलं, “अरे, मग त्याचा पलंग उचलून स्वयंपाकघरात आणूया ना! आजपासून तिथे झोपेल.” लोकांना ते एकदम पटलं. चार बाप्ये पुढे सरसावले. बाईसुद्धा म्हणाल्या, “तसं झालं तर माझी ना नाही.”

आजोबा झोपायच्या खोलीच्या दारात आडवे येऊन उभे राहिले. “आज नको,” म्हणाले. “आज राहू द्या.” त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

अण्णांना इंग्रजी कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मोजणीच्या दिवशी ते कुणाचं ऐकत नसत. त्यांनी आजोबांच्या खांद्यावरून हात घालून कडी काढली आणि दार ढकललं. ते घट्ट बसलं होतं. दोनदा ढकलावं लागलं.

आत पलंग होता. रजई ताणून, कोपरे दुमडून नीट अंथरलेली, आणि तिच्यावर इतकी धूळ की खालची फुलं नुसती अंदाजाने ओळखू यावीत. कुणी बसल्याची खूण नाही, टेकल्याची नाही. खुर्चीवर बायकी स्वेटर. खिडकीशी एक मासिक, ऊन लागून पिवळं पडलेलं, त्यावर घडी घातलेला चष्मा. पलंगाखाली सपाता, एक सरळ, एक जरा तिरकी, पायातून निसटल्यावर पडते तशी. कुणी आत पाऊल टाकलं नाही. पबवाल्याने टोपी काढली.

“मग तू झोपतोस कुठे?” मास्तरीणबाईंनी अगदी हळू विचारलं.

आजोबांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. शेगडीमागे एक अरुंद बाकडं होतं, त्यावर गुंडाळलेलं ब्लँकेट आणि उशी. मी त्या स्वयंपाकघरात कितीदा चहा प्यायले होते. ते अंथरूण मला कुत्रीचं वाटलं होतं. मला माझीच भयंकर लाज वाटली.

“इथे ऊब असते,” आजोबा म्हणाले. “आणि रेडिओ आहे.”

“कधीपासून?”

“तिला घेऊन गेले त्या दिवसापासून.”

“काय म्हनत्यात?” अण्णांनी मला विचारलं. मी सांगितलं. सांगताना माझं नाक वाहत होतं आणि मी ते रेनकोटला पुसलं. अण्णांनी उघड्या दारातून परत एकदा त्या पलंगाकडे बघितलं. मग माकडटोपी काढून काखेत धरली आणि म्हणाले, “वही उघड. लिही.”

मी पेन धरलं. अण्णा खात्याच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगत गेले. “सदर इसम हे पत्नी मयत झाल्या दिवसापासून हद्दीच्या आतच झोपत आहेत. हद्दीबाहेरील खोलीत त्यांची वहिवाट नाही. सदर खोली आजरोजी पत्नीच्या कब्जात आहे.”

मी ते इंग्रजीत मोठ्याने सांगितलं.

“हो,” आजोबा फरशीकडे बघत म्हणाले. “ती खोली तिचीच आहे.”

मास्तरीणबाईंनी माझ्याकडून पेन मागून घेतलं.